त्या रविवारची कढी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मनातल्या मनातसुद्धा कधी पूर्ण वाक्यात म्हटलं नाही – अर्ध्यावर आलं की उठून कसल्यातरी कामाला लागते. आज बसलेय तर लिहून टाकते. तुम्ही नुसतं वाचा.

मी लोणी भापकरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. रोज एसटीनं बारामतीला जाऊन-येऊन बी.एस्सी. केलं, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन, आणि त्याचा मला गर्व आहे. तो मी लपवत नाही. लग्न होऊन इंदापूरला आले, तर इथंही सगळ्यांत शिकलेली मीच. कुणाला ताप आला की थर्मामीटर माझ्या हातात. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला मला हाक. माझ्या शब्दाला या घरात वजन होतं – अजून आहे. अडचण तीच आहे.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, ती तरुणपणीच घातलेली. बाकी घर मटण-कोंबडी खातं, त्याला त्यांची ना नाही. पण रीत ठरलेली. वशाट मागच्या अंगणात शिजणार. त्याची पातेली, डाव, ताटल्या सगळं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. खाल्लेल्यानं हातपाय धुऊन, चूळ भरून मगच घरात पाऊल टाकायचं. फ्रिज आला त्या दिवशी तो दारातच होता, अजून खोकाही काढला नव्हता, तर आत्या म्हणाल्या, "ह्यात वशाट जायाचं न्हाय. गेलं तर ह्यातलं पानीसुदीक मला चालायचं न्हाय, सांगून ठिवते." कुणाला ते जडही गेलं नाही. कोंबडी आणायची, लगेच शिजवायची, खाऊन मोकळं व्हायचं. तिला फ्रिज लागतोच कशाला?

मग बार्बेक्यू आला.

नवरा साखर कारखान्यात नोकरीला. पुण्यात कुणाच्या तरी गच्चीवर निखाऱ्यावरची कोंबडी खाऊन आला आणि तिथून तसलीच शेगडी उचलून आणली. चार पाय, वर जाळी, बाजूला हवा घ्यायची भोकं. रविवारी संध्याकाळी मित्रांना जेवायला बोलावलं. आमच्याकडं रस्सा करणाऱ्या बायका पुष्कळ, पण हे कुणालाच येत नव्हतं. म्हणून मी अंगावर घेतलं. खरं सांगू? मला मिरवायचं होतं.

मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले. तंगड्यांना खोल चिरा द्यायच्या. दही, लाल तिखट, आलं-लसूण, लिंबू चोळायचं. आणि सहा-सात तास मुरू द्यायचं – फ्रिजमध्ये. दुसरी कुणी असती तर तिनं तासभर सावलीत झाकून ठेवली असती आणि टाकली असती निखाऱ्यावर, काही बिघडलं नसतं. पण चैत्राच्या उन्हात कच्ची कोंबडी दिवसभर बाहेर राहिली तर तिच्यात काय वाढतं, ते मी कॉलेजात काचेच्या बशीत वाढवून पाहिलेलं. मला सगळं शास्त्राप्रमाणं हवं होतं. मुरवायचंही होतं आणि नासूही द्यायचं नव्हतं.

सकाळी आत्या भजनाला गेल्या आणि मी डबा फ्रिजमध्ये ठेवला. सगळ्यांत वर, मेथीच्या जुड्यांच्या मागं. खालच्या फळीवर त्यांचा हात जातो, वरच्या नाही. संध्याकाळी त्या पुढच्या ओट्यावर जाऊन बसल्या की काढायचा, एवढंच.

दुपारी त्या स्वयंपाकघरातच बसल्या होत्या, लसूण सोलत. म्हणाल्या, "वैशाली, आज कढी कर गं बाई. उन्हानं घासच उतरंना." मी दही काढायला फ्रिज उघडला.

डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. जाळीच्या फळीतून लाल पाणी खाली ठिबकलं होतं, दह्याच्या पातेल्यात. पांढऱ्या सायीवर तांबडा डाग – वाटीएवढा.

मी फ्रिजच्या दारात उभी. मागं आत्या. सगळं दही टाकून द्यायचं तर, एवढं दही का टाकलंस? हातातून पातेलं सोडून दिलं असतं तरी चाललं असतं, पण त्या पुसायला धावल्या असत्या आणि उघड्या फ्रिजपाशी आल्या असत्या. हे सगळं किती वेळात डोक्यातून गेलं, ठाऊक नाही. "काय बगतीस गं आत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही."

डावानं डाग काढला आणि बेसिनमध्ये नळ सोडला. उरलेल्या दह्यात बेसन घातलं, हळद नेहमीपेक्षा जास्त घातली. आणि कढी चांगली खळखळून उकळली. उकळल्यावर काही जगत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्या आजारी पडणार नाहीत एवढी काळजी मी घेतली. बघा, शिक्षण कुठं कामाला आलं!

आत्यांनी दोनदा वाटी पुढं केली. "झ्याक झालीया," म्हणाल्या.

संध्याकाळी अंगणात निखारे फुलले. चरबी ठिबकली की भपकन जाळ यायचा, मी पाण्याचा हात मारायची, तेलाचा हात फिरवायची. नवऱ्याचे मित्र खूश. "वैनी, आता हायवेला हाटेलच टाका! दादा गल्ल्यावर बसंल!" आत्या पुढच्या ओट्यावरून पदर नाकाला लावून ओरडल्या, "आरं उरका तुमचा यज्ञ, देवसुदीक खोकाय लागलं!" सगळे हसले. मीही हसले.

कुणाला काही झालं नाही. कुणाला काही झालं नाही म्हणजे काही झालंच नाही, असं मी धरून चालले. आणि कदाचित चालतच राहिले असते.

पण शोभावन्सं – माझी नणंद, बारामतीला असतात – त्यांच्याकडं आत्या चार दिवस राहायला गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एकट्याच परत आल्या, उन्हाच्या, एसटीनं.  मागाहून वन्संचा रडत फोन. आमटी वाढताना चुकून वशाटाचा डाव गेला होता. धुतलेला होता, पण तोच. कुणी पाहिलं नव्हतं. वन्सं बोलल्या नसत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण त्या आपण होऊन आईपुढं गेल्या आणि सांगून टाकलं. त्यावर आत्या ताटावरून उठल्या ते थेट स्टँडवर.

दुसऱ्या दिवशी आत्यांना घेऊन नरसिंहपूरला मीच गेले. संगमावर त्यांना आंघोळ करायची होती, नवी माळ घालून घ्यायची होती. पायऱ्यांवरून मी त्यांचा दंड धरून उतरवलं. भीमेचं पाणी तांब्यानं त्यांच्या डोक्यावर ओतलं. त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. ओल्या लुगड्यानं तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "पोटच्या पोरीनं बाटवलं बग. तुज्याकडनं कदी आसं झालं न्हाय ना गं?"

विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. आसपास कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "नाही आत्या. कधीच नाही."

मी असलं काही मानत नाही. धुतलेल्या डावानं कुणी बाटत नाही, उकळलेल्या कढीनंही नाही. पण माळ माझी नव्हती ना. त्यांची होती. इतकी वर्षं त्यांनी जपलेली तीच एक गोष्ट होती, आणि तिचं काय झालं ते त्यांना नाही, मला एकटीला ठाऊक होतं. तांब्या माझ्याच हातात होता.

तेव्हापासून आत्या माझ्या हातचं सोडून कुणाचं खात नाहीत. लेकीचं नाही, जावेचं नाही, लग्नातलं नाही. गल्लीतल्या बायकांना सांगतात, "आमची सून खाती, पर कदी शिवू देत न्हाय." भावाच्या लग्नाला लोणीला गेले तर हळदीच्या संध्याकाळी परत – आत्या उपाशी बसतील म्हणून. बारामतीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती, ज्या शिक्षणाचा एवढा गर्व त्याच कामाची. मी नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं, काय सून आहे! नवरा तर चारचौघांत सांगतो. आणि मी खोटं वाटू नये म्हणून आणखी खरी वागते. फ्रिज दोनदा पुसते. अंगणातून आले की आंघोळच करते. जितकी जपते तितका त्यांचा विश्वास वाढतो. आणि जितका तो वाढतो तितकं तोंड उघडणं अवघड. आता सांगितलं तर त्या खाणार कुणाचं?

परवा वन्सं आल्या होत्या. आईसाठी पुरणपोळ्या घेऊन. नवा तवा, नवी परात, नवं उलथणं – खास वेगळं घेतलंय, म्हणाल्या, त्याला वशाटाचा वारासुद्धा लागू दिला नाही. आत्यांनी डब्याकडं पाहिलंही नाही. "ठेव तितं. पोरं खातील."

वन्संनी डबा उचलून पोरांपुढं ठेवला. नंतर मागच्या नळावर डबा विसळत होत्या, मी शेजारी उभी. मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे वैनी. माज्याकडनं झालंच की तसं. ती तुज्या हातचं तरी खाती, तू हायेस म्हणून मला घोर न्हाय."

मी म्हटलं, "व्हय."

मग आत गेले आणि आत्यांचं ताट वाढलं.