शरयूमामीची खोळ

आमच्या शरयूमामीच्या घरात बिनखोळीची एकच वस्तू आहे, ती म्हणजे मामा. बाकी टीव्हीला खोळ, फ्रिजला खोळ, मिक्सरला खोळ, रिमोट प्लास्टिकमध्ये, आणि सोफ्याचं कव्हर मळू नये म्हणून त्याच्यावर चादर. बेल वाजली की हे सगळं भराभर निघतं आणि पाहुणा फाटकाबाहेर पडला की परत चढतं. त्यामुळे मामीचं घर खरं कसं दिसतं ते फक्त पाहुण्यांनाच ठाऊक.

हेमचंद्रमामा खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात इन्स्पेक्टर होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर सिव्हिल लाइन्सजवळ घर घेतलं आणि त्यात सेंट्रल एसी बसवला. छतात एक मोठं मशीन, तिथून प्रत्येक खोलीत थंड हवा, आणि हॉलच्या भिंतीत वर एक रुंद जाळी, जिच्यातून घरातली हवा मशीनकडे परत जाते.

यंदा मे महिन्यात मी सुट्टीला मामाकडेच होतो. त्यांची मुलगी प्रणोती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि एसी गोठायला लागला. सकाळी बरा चालायचा. दुपारपर्यंत आतल्या नळ्यांवर बोटभर बर्फ आणि खोल्यांत नुसती फुंकर. बाहेर पंचेचाळीस डिग्री. आठव्या महिन्यातली पोर मानेवर ओला टॉवेल घेऊन बसलेली. भोपाळहून विहीणबाईंचा फोन आला, "रविवारपर्यंत दुरुस्त झाला तर ठीक. नाहीतर मी गाडी पाठवते, बाळंतपण इकडेच करू." मामीनं फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. डिंक, अळीव आणून झाले होते. पाळण्याची खोळसुद्धा शिवून झाली होती.

बुधवारी मेकॅनिक अनुपम आला. बेल वाजली, खोळी निघाल्या. त्यानं एसी बंद करून बर्फ वितळवला, जाळीमागचा फिल्टर काढून उजेडात धरला.

"अंकलजी, फिल्टर तो एकदम चकाचक है."

"होगा ही," मामा म्हणाले. "इन्स्पेक्टर का घर है."

फिल्टर साफ, म्हणजे दोष गॅसचा, असं ठरवून त्यानं गॅस भरला. तो होता तोवर हवा झकास. दुसऱ्या दुपारी परत बर्फ. शुक्रवारी त्यानं पंख्याची मोटर बदलली. पुन्हा तेच. मामांनी छत्तीस वर्षांच्या अनुभवावरून निष्कर्ष काढला. "मशीन मेकॅनिकला भिऊन राहिलं आहे. तो गेला की बिघडते."

शनिवारी अनुपम तिसऱ्यांदा आला, सगळं तपासलं आणि कंपनीवाल्यांना बोलवा म्हणून हात जोडून निघाला. फाटकापर्यंत गेला आणि मोबाइल राहिला म्हणून परतला. दार उघडंच होतं. मामी स्टुलावर चढून जाळीला खोळ बांधत होती. जुन्या सुती लुगड्याची, दुहेरी, चारी कोपऱ्यांना नाड्या.

"आंटीजी, ये क्या है?"

"कव्हर है, भैया. पिछले महीने सिला, फिल्टर मैला न हो इसलिए. कोई आता है तो निकाल देती हूँ, अच्छा नहीं दिखता."

अनुपम सोफ्यावर टेकला. हवेला परत जायची वाटच बंद, मग नळ्यांवर बर्फ धरणार नाही तर काय, हे त्यानं शांतपणे समजावलं. मामा जाळीकडे बघत राहिले. महिनाभर ते त्या खोळीसमोर बसून पेपर वाचत होते. त्यांना काय हसू, मी स्वतः तिच्याखाली रोज चहा पीत होतो.

मामी मात्र स्टुलावर उभ्या उभ्या रडायला लागली. "माझ्याच हातानं पोर उकडून राहिली होती, अन् मी देवाला विचारून राहिली होती, काहून असं होते म्हणून."

"आई, रडू नको ना," प्रणोती म्हणाली. "पहले स्टूल से उतर."

रविवारी गाडी आली नाही. जूनमध्ये मुलगी झाली. मामीनं ती खोळ उसवली, पाण्यात उकळली आणि तिचं दुपटं शिवलं.

बारशाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. रिवाजाप्रमाणे साऱ्या खोळी निघाल्या होत्या. एसी इतका जोरात चालला होता की मामा कानटोपी घालून बसले होते. कुणीतरी मामीला म्हणालं, जरा दुपटं काढा ना, बाळ नीट दिसत नाही.

"दिसेल मोठी झाल्यावर," मामी म्हणाली, आणि तिनं नातीला आणखी घट्ट गुंडाळलं.