लेकीचा टीसी

बीडच्या मैदानावर मी चुकीच्या टीमसाठी उठून टाळ्या वाजवल्या. एकदा नव्हे, तीनदा. डोक्यावर लेकीच्या नव्या कॉलेजची पिवळी टोपी, बसलेलो त्यांच्याच मंडपात, आणि तिच्या जुन्या कॉलेजच्या पोरींनी बास्केट केली की सगळ्यांत आधी मीच उभा. सवय, दुसरं काय! शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आपली टीम पिवळी हाय."

पिवळ्या टीमसाठी टाळ्या वाजवाव्यात तर माझी लेक खेळतच नव्हती. ती बाकावर बसली होती, मांडीवर दुसऱ्याच पोरीचा टॉवेल घेऊन.

बारावीनंतर ती आमच्या दिंद्रुडहून रोज एसटीनं माजलगावच्या कॉलेजात जायची. पहिल्याच वर्षी पॉइंट गार्ड झाली. म्हणजे बॉल पुढं न्यायचा, कुणी कुठं पळायचं ते ओरडून सांगायचं आणि जी मोकळी असेल तिच्या हातात बॉल द्यायचा. हे मला आता कळतं. तेव्हा मी तिच्या सरांना विचारलं होतं, "राबते माझी पोरगी अन् बास्केट दुसऱ्याच करतात, हे कसं?"

सर हसले. "काका, ती नसली तर बाकीच्या चौघींना बॉलच मिळायचा न्हाई."

मला काही ते पटलं नाही. शेतकरी माणूस मी. ज्यानं पेरलं त्यानंच कापावं, एवढंच ठाऊक.

त्याच उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या ढाब्यावर साहेब भेटले. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी, बीडला त्यांचं कॉलेज. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "पोरगी आपल्या कॉलेजला द्या. खेळाडू पायजेत आपल्याला." खांद्यावर साहेबांचा हात आणि बघायला गावातली चार माणसं! मी म्हणालो, "दिली." सोयरीक जुळवावी तसं.

घरी आलो तेव्हा लेक जेवत होती. तिला सांगितलं.

"पप्पा, मला विचारलं का?"

"चारचौघांत शब्द दिलाय साहेबांना."

ती ताट उचलून आत गेली. माजलगावला टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढायला मीच गेलो, तोही नवा शर्ट घालून.

लेक बीडला होस्टेलवर राहायला गेली. नव्या कॉलेजात पॉइंट गार्ड आधीच होती, हिच्याच वर्गातली, हिच्यापेक्षा वीतभर उंच. वर्षभर माझी लेक बाकावर बसली आणि वर्षभर मी गावात सांगत सुटलो, "लई खेळती." फाट्यावर फ्लेक्ससुद्धा लावला. त्यात साहेबांचा फोटो दाराएवढा आणि पोरीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा.

खरं काय ते बीडच्या त्या मॅचला बघितलं. मॅच संपल्यावर जुन्या मैत्रिणींनी तिला घेरलं. एक म्हणाली, "ये की गं परत. तू गेल्यापासून कुणी कुणाला बॉल देत न्हाई." लेक हसली, पण माझ्याकडं बघितलं नाही. मोटारसायकलपाशी आल्यावर म्हणाली, "पप्पा, एकच वर्ष राहिलंय. मला माजलगावलाच खेळायचंय. साहेबांना सांगाल का?"

"बघतो," म्हणालो. पंधरा दिवस बघतच होतो. दोनदा साहेबांच्या बंगल्यावर गेलो, दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. चारचौघांत दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा? तिसऱ्यांदा वाटेत सगळं भाषण पाठ केलं आणि कसंबसं तोंड उघडलं.

साहेब म्हणाले, "कोणती पोरगी?" मग जरा आठवून, "हां हां, ती खो-खोवाली! न्या की मग. आमी कशाला धरून ठेवू?"

"बास्केटबॉल," मी म्हणालो, पण तोवर त्यांनी फोन कानाला लावला होता.

ज्या शब्दापायी पोरीचं वर्ष घालवलं, तो माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानातच नव्हता.

घरी आलो. बायको ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, "त्यांना तर खेळसुद्धा आठवंना."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "साहेबांचं काय घेऊन बसलात? पोरगी पंधरा दिवस वाट बघायलीय. फोन लावा तिला. अन् आधी चुकलो म्हणा, टीसीचं मागून सांगा."