दारांचा क्रम

घरात तिला सगळे सनावळी म्हणत. कुणाचं लग्न कोणत्या साली झालं, काकांनी स्कूटर कधी घेतली आणि ती पहिल्यांदा कधी आपटली, सगळं तिला लहानपणापासून तोंडपाठ. त्यामुळे ती कॉलेजात इतिहास घेणार म्हटल्यावर नवल कुणालाच वाटलं नाही. काळजी मात्र सगळ्यांना वाटली.

"मेलेल्यांची चौकशी करून जित्या माणसाचं पोट भरतं का?" काकांनी विचारलं होतं.

"वकिली करता येते, वर्तमानपत्रात जाता येतं, शिकवता येतं," ती घडाघडा म्हणून दाखवायची. वकिली आणि वर्तमानपत्र मैत्रिणींनी पटकावलं. हिच्या वाट्याला आलं शहराच्या संग्रहालयाचं तळघर, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नारळ. बाबांनी मात्र "पोरगी संग्रहालयात अधिकारी झाली" असं नात्यागोत्यात केव्हाच सांगून टाकलं होतं. नोकरी जाण्यापेक्षा बाबांना ते शब्द गिळावे लागतील, याचीच तिला जास्त धास्ती.

मुदत संपत आली आणि एका मेलेल्या फोटोवाल्याचं खोकं आलं. आत उभे लावलेले फोटो. रस्ता रुंद करताना पाडलेल्या एका गल्लीतली माणसं, आपापल्या दारात उभी. मागे नाव नाही, गाव नाही, फक्त तारीख. आणि तारखा पार गोंधळलेल्या! सनावळीला कसं राहवणार? एका दुपारात तिनं सगळे फोटो सालवार लावले, मधे सालांच्या छान पट्ट्या घातल्या आणि स्वतःवरच खूश झाली. आलेल्या खोक्याचा क्रम आधी टिपायचा, मगच हात लावायचा, हा धडा तिनं परीक्षेत चार पानं भरून लिहिला होता. शिकलेली अक्कल ऐन वेळी घरी राहते ती अशी.

शुक्रवारी संग्रहालयाच्या प्रमुख मॅडम तळघरात डोकावल्या. "फोटोवाल्यांची मुलगी सोमवारी येतेय. वडील दारोदार फिरून फोटो काढायचे आणि दारांच्याच क्रमानं ठेवायचे, म्हणाली. कोण कुठं राहायचं, ते त्यावरूनच कळेल. तू क्रम हलवला नाहीस ना?"

"नाही," ती म्हणाली. खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं, पण बाहेर पडलं ते हे.

ते दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. त्या गल्लीतली सगळी दारं एका साच्यातली. कुठं फुटकी पायरी, कुठं वाकडी कडी, एवढ्यावरून काही फोटो जुळायचे, बाकीचे नुसते चेहरे. शनिवारी तिनं तळघराची किल्ली मागून घेतली, सालांच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि गल्लीचे जुने नकाशे, कागद, होतं नव्हतं तेवढं शोधलं. संध्याकाळपर्यंत निम्मी गल्लीसुद्धा उभी राहिली नाही. घरी काका आलेच होते. "काय अधिकारी, पेढे कधी?" तिनं हसून घेतलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

सोमवारी फोटोवाल्याची मुलगी आली. मुलगी कसली, सत्तरी उलटलेली आजी. चष्मा पुसून ती फोटो एकेक करून पाहू लागली. पहिले काही भराभर ओळखले. मग हात मंदावला.

"ही आमच्या शेजारची, का समोरची?" ती पुटपुटली. "आणि हा इथं कसा? हा तर टोकाच्या घरातला." तिनं दोन फोटो अदलाबदल केले, पुन्हा होते तिथे ठेवले. "अप्पा असं कधी ठेवायचे नाहीत हो. मीच भरताना घोळ घातला असेल. हल्ली माझं काही खरं नाही. परवा गॅस तसाच राहिला. लेक म्हणते, आई, तुझं डोकं चालेनासं झालंय."

"असू दे आजी, होतं असं," मॅडम म्हणाल्या.

सनावळीचे कान तापले. आता गप्प राहिलं की सुटली. नोकरी राहील, बाबांचे शब्द राहतील. आणि ही म्हातारी आपलं डोकं गेलं असं समजून घरी जाईल.

"आजी, तुम्ही बरोबरच भरलं होतं," ती म्हणाली. "मी विस्कटलं. तारखांप्रमाणे लावलं. आणि मॅडम, शुक्रवारी मी तुमच्याशी खोटं बोलले."

मॅडम जिन्याकडे वळल्या. "संध्याकाळी माझ्या खोलीत ये," एवढंच म्हणाल्या. त्याचा अर्थ काय, हे कळायला इतिहास शिकावा लागत नाही.

आजी मात्र रागावली नाही, की हसलीही नाही. तिनं मोठा श्वास सोडला. "म्हणजे मी नव्हे," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, स्वतःलाच सांगावं तसं, "म्हणजे मी नव्हे ना?"

"नाही, आजी."

"मग बस इथं. गॅस राहिला तो काही तू ठेवला नव्हतास." आजीनं शेजारची खुर्ची ओढली. "माझ्या डोक्यातली गल्ली अजून ओळीनं आहे. तीही विस्कटायच्या आत लिहून घे."

सनावळीनं पेन्सिल उचलली. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता.

"पहिलं दार कुणाचं, आजी?"