स्टेपनीतला सेन्सर

वडनेर भोलजीच्या फाट्यावर निजामचं पंक्चरचं दुकान आहे. बाप बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा, पोरगा टायरच्या धंद्यात आला. वीस वर्षांत त्यानं ट्रकपासून ट्रॅक्टरपर्यंत किती चाकं खोलली याची गणतीच नाही, पण कुणाचा साधा नटसुद्धा कधी खिशात घातला नाही. माणूस अबोल. मात्र अपमान विसरणं काही त्याला जमायचं नाही.

गेल्या वर्षी मार्चात मलकापूरचे चंद्रशेखरभाऊ नवी कोरी गाडी घेऊन फाट्यावर थांबले. मोठे बागायतदार, शब्दाला वजन. मागचं डावं चाक पंक्चर होतं. निजामनं ते काढलं, डिकीतली स्टेपनी त्या जागी बसवली, पंक्चर काढून मूळ चाक डिकीत ठेवून दिलं. भाऊ गेले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले ते संतापानं लालबुंद होऊन. गाडीत पुढं टायरच्या हवेचा पिवळा दिवा पेटला होता आणि विझतच नव्हता. शोरूममधल्या नवख्या मेकॅनिकनं मागचं डावं चाक उघडून सांगितलं होतं, यात हवा मोजणारा सेन्सरच नाही.

"काढून इकला ना बे तू? चोर साला!"

"भाऊ, मी कायले काढू? मले तं त्यातलं काई समजतबी नाई."

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. भर चौकात, चहाच्या टपरीवरच्या वीस-पंचवीस माणसांसमोर भाऊंचा हात त्याच्या गालावर बसला. जेवणाचा डबा घेऊन आलेली शाहजादी, त्याची बायको, रस्त्याच्या पलीकडे उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

गावानं त्याचं नावच पाडलं, सेन्सरचोर. नव्या गाड्या त्याच्या दुकानासमोरून पुढं जायला लागल्या. निजाम कुणाशी भांडला नाही. त्यानं डूख धरला.

ज्या वस्तूपायी थप्पड खाल्ली, ती वस्तू तरी कळली पाहिजे, म्हणून तो मोबाईलवर पाहत बसायचा. खामगावला ओळखीच्या दुकानात जाऊन दोन दिवस नुसता बघत उभा राहिला. तिथं त्याला उलगडा झाला. सेन्सर असतो रिमच्या आत, हवा भरायच्या व्हॉल्व्हला जोडलेला. रस्त्यावरच्या चारही चाकांना असतो, पण पुष्कळ गाड्यांच्या स्टेपनीला नसतो. म्हणजे शोरूमवाल्यानं उघडली ती स्टेपनी! भाऊंनी तिच्यातच नवा सेन्सर बसवून घेतला होता आणि मूळ चाक सेन्सरसकट त्यांच्याच डिकीत पडून होतं.

शाहजादीला त्यानं हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "घर जाके बता दो उनको. बात खतम."

"घरात सांगू?" निजाम म्हणाला. "त्यानं मले चौकात मारलं. मी चौकातच सांगीन."

आणि तो वाट पाहत राहिला. भाऊंची गाडी रोज फाट्यावरून जायची, याची नजर आधी तिच्या चाकांवर जायची. चौदा महिने गेले.

यंदा मे महिन्यात, भर दुपारी, ती गाडी टपरीपुढं येऊन थांबली. पुढचं उजवं चाक बसलं होतं. भाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. त्यांच्या मुलीचं, पूनमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मलकापूरला होतं आणि होणाऱ्या व्याह्यांना, जानरावांना, ते पिंपळगाव राजाहून मानानं स्वतः घेऊन चालले होते. निजामकडे न बघता ते म्हणाले, "चाक बदलून दे. लवकर."

निजाम उठला. डिकी उघडली. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह जाड, धातूचा होता, सेन्सरवाल्या चाकाचा असतो तसा. त्यानं ते चाक टपरीसमोर, बरोब्बर थप्पड खाल्ली त्या जागी नेऊन आडवं टाकलं आणि व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडून दिली.

"काय करून राह्यला बे?" भाऊ ओरडले.

निजाम चाकापाशी उकिडवा बसला. पहार घालून टायरची कड रिमवरून उतरवली आणि जानरावांना हाक मारली. "मामा, तुमी वडीलधारे. हात घाला आत. व्हॉल्व्हपाशी काय लागते, सांगा."

जानराव बुचकळ्यात पडले, पण त्यांनी हात घातला. "डबीसारखं काईतरी हाय."

"तो सेन्सर. तो मी चोरला म्हणून तुमच्या व्याह्यानं मले इथंच थापड मारली होती."

टपरीवरचे लोक उठून भोवती आले. निजामनं स्टेपनीची सगळी हकिकत ठासून सांगितली. जानरावांनी काळा झालेला हात रुमालाला पुसला आणि व्याह्यांकडे पाहिलं. "खरं हाय का हे?"

 भाऊ निजामच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "चुकलं माह्यं."

"मोठ्यानं म्हना, भाऊ. थापडेचा आवाज सगळ्यायनं आयकला होता."

"निजाम चोर नाई!" भाऊ म्हणाले. आवाज चिरकला.

निजामनं पहार उचलली, दुकानात गेला आणि आतून शटर ओढून घेतलं. बाहेर एक चाक बसलेलं, दुसरं उघडं पडलेलं. नांदुऱ्याहून दुसरी गाडी येईपर्यंत दीड तास दोघे व्याही चव्वेचाळीस डिग्रीत टपरीच्या पत्र्याखाली बसून राहिले. साक्षगंधाची वेळ टळून गेली. निजाम फटीतून पाहत होता. त्यातलं एक मिनिटही त्यानं सोडलं नाही.

संध्याकाळी शाहजादीनं एवढंच विचारलं, "उस लडकी का क्या कसूर था?"

त्यानं जेवणाचं ताट पुढं ओढलं. बऱ्याच महिन्यांनी त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

नव्या गाड्या हळूहळू पुन्हा थांबायला लागल्या. पूनमच्या लग्नाची पत्रिका जानरावांकडून आली, वर 'निजामभाई, वडनेर' असं ठळक लिहिलेलं. गिऱ्हाइकाला दिसेल अशी ती त्यानं दुकानाच्या दारावर चिकटवली. लग्नाला मात्र तो गेला नाही. शाहजादी गेली, पूनमसाठी साडी घेऊन. त्यानं तिला अडवलं नाही.