तिसऱ्या दिवसाच्या उंच्या

सिंगापूरला आल्यापासून माझे बाबांशी फोन फार तर तीन मिनिटांचे होत. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पाऊस आहे का, ठेवते. मुळात मला फोनवर बोलायचा कंटाळा. त्यात बाबा निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. ते पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे आणि धरणांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या हातून रेघ चुकत नसे. तुमचं एक खोडरबर निवृत्तीपर्यंत पुरेल, असं खात्यातले लोक त्यांना चिडवत, आणि ते खरोखरच पुरलं. नंतर खात्यात कॉम्प्युटर आले आणि बाबांची ड्रॉइंगची पेटी घरी आली.

माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये आणि घर वुडलँड्सला. भाडं कमी म्हणून तिकडे घेतलेला फ्लॅट, त्यामुळे रोज बेट ओलांडून जायचं आणि ओलांडून यायचं. ऑफिसपासून थोड्या अंतरावर युद्धकैद्यांचं एक लहानसं संग्रहालय होतं. शेजारून जात असून चार वर्षांत माझा पाय तिकडे वळला नव्हता. एकदा परदेशातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन जायची पाळी माझ्यावर आली, म्हणून गेले. तिथे एका भिंतीवर बोर्निओमधल्या वाटेबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात जपानी सैन्याने ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश कैद्यांना सांडाकानहून रानाऊपर्यंत जंगलातून चालवत नेलं होतं. त्यातले कितीतरी जण मूळचे इथलेच, चांगीहून बोटीत घालून तिकडे नेलेले. चालताना जो मागे पडला, तो मेला किंवा मारला गेला. दोन हजारांहून जास्त माणसांमधले सहा जगले, तेही निसटून पळाले म्हणून.

त्या दिवशी फोनवर बोलायला काही नव्हतं म्हणून मी हे बाबांना सांगितलं. 

"ती वाट आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"थोडी आहे. पाच दिवसांचा ट्रेक करवतात म्हणे."

"मला नेशील?"

मला हसू आलं, आणि मग ते ओसरलं. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

माझ्या लहानपणी बाबांचा एक ट्रेकचा ग्रुप होता, रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर जाणारा. पुढे कोणी चालायचं यावरून भांडणं होत. शेवटी राहायला मात्र कोणी तयार नसे, तिथे बाबा. कोणाचा बूट चावायचा, कोणाच्या पायात गोळा यायचा, कोणाला उतरताना रडू फुटायचं. बाबा त्याच्याबरोबर थांबत आणि त्याच्या मागून चालत. ग्रुपचा एक नियम होता, शेवटचा माणूस आल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत. मी पळत सुटणाऱ्यांपैकी. वर पोचून भुकेने कावलेली बसायचे आणि बाबांची टोपी झाडीतून दिसली की ओरडायचे, "लवकर या ना, किती हळू!"

"तिथेही मी शेवटी चालेन," बाबा म्हणाले. "त्या कैदी पोरांच्या मागे आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं."

मग सुरू झालं. ऑफिस साडेसहाला सुटायचं, तेव्हा पुण्यात चार वाजलेले असत आणि बाबांचा चहा झालेला असे. मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसायचे, ताना मेराहला गाडी बदलायचे आणि फोन लावायचे. वुडलँड्स येईपर्यंत सव्वा तास आम्ही बोलायचो. सव्वा तास! नवरा म्हणाला, लग्नाआधी माझ्याशीसुद्धा इतकं बोलली नाहीस.

ट्रेक नेणाऱ्या एजन्सीने दिवसागणिक एक फाइल पाठवली होती. दर अर्ध्या किलोमीटरला किती उंची, नदी कुठे ओलांडायची, तंबू कुठे. मी म्हटलं, प्रिंट काढून पाठवते. बाबांनी ते उडवून लावलं. "छापील नको. तू आकडे वाच, मी एल-सेक्शन काढतो." म्हणजे वाटेचा बाजूने दिसणारा उभा छेद, कालव्याचा काढतात तसा. त्यांनी ग्राफ पेपर आणला, पेटी उघडली. गर्दीत दांडीला लोंबकळत मी वाचायचे, "साडेतीन किलोमीटर, चारशे दहा." तिकडून पेन्सिलचा आवाज यायचा आणि बाबा म्हणायचे, "हं. पुढे." शेजारचे लोक वळून बघत. मी कसला हिशेब सांगतेय असं त्यांना वाटत असणार.

खाण्यावरून तर आमचं रीतसर भांडण झालं. एजन्सी भात, नूडल्स आणि डब्यातले मासे देणार होती. बाबांनी मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू न्यायचं ठरवलं. बोर्निओच्या दमट हवेत लाडू टिकतील का हे बघायला त्यांनी एक लाडू ओल्या फडक्यात गुंडाळून बाथरूममध्ये ठेवला. चौथ्या दिवशी तो आईला सापडला. पुढचे दोन दिवस बाबांना चहा उशिरा मिळाला.

मीही तयारीला लागले. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता. मी पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन जिने चढायला लागले. खालच्या मजल्यावरची चिनी आँटी रोज विचारायची, "लिफ्ट स्पॉइल आह?" मी म्हणायचे, नाही, व्यायाम. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायची. रविवारी बुकित तिमाहला जायचे. सिंगापूरमधला सगळ्यात उंच डोंगर, पुण्यात त्याला टेकडी म्हणून सोडून देतील. तो मी एका सकाळी पाच वेळा चढायचे. बारा वर्षांची लेक एकदा बरोबर आली, दुसऱ्या खेपेला बाकावर बसली आणि म्हणाली, "ममा, आजोबा कॅन मेह? जमेल त्यांना?"

"तुझ्या आजोबांना बघितलंयस का चढताना?" मी म्हटलं.

कारण बाबा माझ्या पुढे होते. बुधवारी आणि रविवारी ते सिंहगड चढायचे आणि मला वेळा सांगायचे. आधी एक तास पस्तीस मिनिटं. मग एक तास वीस. मग एक तास अकरा. अडुसष्टाव्या वर्षी! मी ऑफिसमध्ये ज्याला त्याला ऐकवत होते. मनात चित्र तयार होतं. जंगल, चिखल, जळवा, मी पुढे, आणि मागे वळून बघितलं की बाबांची टोपी. मला ते इतकं हवंहवंसं झालं होतं की मीटिंगमध्ये बसल्या बसल्याही ती टोपी दिसायची.

अडलं ते एका कागदावर. साठीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरचं पत्र लागत होतं. बाबा आज आणतो, उद्या आणतो म्हणत होते. डॉक्टर गावाला गेलेत. डॉक्टरांचा प्रिंटर बिघडलाय. पैसे भरायची मुदत जवळ आली तसा माझा पारा चढायला लागला. त्यातच आकड्यांचा घोळ. तिसरा दिवस सगळ्यात अवघड, चढउतारांचा. त्याच्या उंच्या मी वाचून दाखवल्या आणि चार दिवसांनी बाबा म्हणाले, परत सांग, माझ्याकडून ओळ सुटली. पुन्हा सांगितल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एकदा गाडीत उभी असताना माझा तोल गेला.

"बाबा, चौथ्यांदा वाचतेय मी! लक्ष कुठे असतं तुमचं?"

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "तू सांग, सावकाश सांग."

मी सांगितलं, भरभर. आज त्या आवाजाची मला लाज वाटते.

शेवटी मी चार दिवसांची रजा टाकली आणि पुण्याला गेले. बॅगेत बाबांसाठी बूट होते, जळवा चढू नयेत म्हणून लांब मोजे होते. डॉक्टरांकडे त्यांना हाताला धरून नेणार होते, पण आधी त्यांच्याबरोबर सिंहगड चढायचा होता. बुधवारी सकाळी पहिल्या बसने आम्ही निघालो. बाबा वाटेत फार बोलले नाहीत. नवे बूट मात्र त्यांनी घातले होते.

पायथ्याशी एक बाई चहा विकत होत्या. बाबांना बघून त्यांनी न विचारता फडक्याने बाकडं पुसलं.

"बसा काका. ही का तुमची सिंगापूरची? लई सांगत असतात तुमच्याबद्दल."

"आल्यावर बसू," मी म्हटलं. "आधी वर जाऊन येतो."

बाईंनी बाबांकडे बघितलं. "काका, तुम्ही चढणार? डॉक्टर नको म्हणले ना तुम्हाला?"

बाबा बुटांकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि माझ्या हातात दिली. तारखा आणि वेळा होत्या, बाबांच्या सुबक अक्षरात. नेहमी चढणारे काही लोक होते, ते निघताना आणि उतरून आल्यावर बाबा घड्याळ बघायचे. त्यातल्या कोणा एकाची वेळ ते मला सांगायचे. पहिल्या महिन्यातच चढावर त्यांच्या छातीत दुखलं होतं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ते बसने यायचे, या बाकड्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि परत जायचे.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो," बाबा म्हणाले. "तू जाऊन ये तिकडे. तुझी तयारी झालीय."

मी वही त्यांच्या हातात परत दिली आणि चढायला लागले. रागाने चढत होते, लोकांना मागे टाकत. मला फसवलं, माझ्या रजा घालवल्या, मी मूर्खासारखी तांदूळ घेऊन जिने चढत बसले. अर्ध्या वाटेवर दम लागून थांबले आणि सवयीने मागे वळून बघितलं. कॉलेजची मुलं चढत होती, एक ताकवाली हंडा घेऊन येत होती. मला तिथेच रडू आलं. ताकवाली म्हणाली, बसा ताई, पहिल्यांदा चढताय का? मी वर गेलेच नाही. खाली आले तेव्हा बाबांनी घड्याळ बघितलं, वही उघडली आणि काही न लिहिता मिटली. आम्ही चहा घेतला.

दुपारी बाबा झोपले होते. आईने ग्राफ पेपरची गुंडाळी आणून दिली. "बघ तरी, किती छान काढलंय." पहिला दिवस, दुसरा दिवस, नद्या निळ्या, तंबूच्या जागी छोटे त्रिकोण. रेघ एका दमात ओढलेली. तिसऱ्या दिवसाचा कागद उलगडला आणि तो हाताला वेगळा लागला. खोडून खोडून मऊ पडला होता. हिरव्या चौकटी पुसट झाल्या होत्या आणि एका उंच शिखराच्या जागी कागद इतका विरला होता की खालचं टेबल दिसत होतं.

"हे असं का झालंय?"

"अगं, काढतात नि पुसतात," आई म्हणाली. "पूर्ण झालं की दोन दिवस टेबलावर ठेवतात. मग पुसून टाकतात. म्हणे आकडे परत घ्यायला हवेत तिच्याकडून. नवीन खोडरबर आणलं त्यासाठी." मग तिने आवाज खाली आणला. "डॉक्टरांचं तुला सांगितलंय, असं म्हणाले होते मला."

मी कागद होता तसा गुंडाळून ठेवला. ज्या माणसाला सगळ्या नोकरीत एक खोडरबर पुरलं, त्याला माझा फोन यावा म्हणून दुसरं विकत आणावं लागलं होतं. आणि मी चौथ्यांदा वाचताना ओरडले होते. आत जाऊन बाबांच्या पायाशी बसले. ते जागे झाले, उशीजवळ चष्मा चाचपला आणि म्हणाले, चहा टाकायला सांगू का?

निघताना ते रिक्षापर्यंत आले, नव्या बुटांत. "जाशील ना?" त्यांनी विचारलं. "बघू," मी म्हटलं.

सोमवारी ऑफिसला पोचल्यावर मी एजन्सीला दोन ओळींची मेल लिहिली आणि आमची दोन्ही नावं काढायला सांगितली. दिवसभर काम केलं. साडेसहाला गाडीत बसले. ताना मेराहला उतरले, प्लॅटफॉर्मवर नेहमीसारखी गर्दी होती. दुसरी गाडी आली, दाराजवळ उभं राहायला जागा मिळाली. फाइल उघडून मी फोन लावला. पुण्यात चार वाजून गेले होते. पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला.

"पोचलीस नीट?"

"पोचले. बाबा, एक घोळ झालाय. तिसऱ्या दिवसाची वाट बदललीय म्हणे एजन्सीने. सगळ्या उंच्या पुन्हा घ्याव्या लागतील."

 तिकडे खुर्ची सरकली आणि पेटीचं झाकण उघडलं.

"थांब," बाबा म्हणाले, "खोडरबर घेतो."