डावीकडचा बाक

फ्यूजमामाला बंद पडलेल्या यंत्राचा कधी राग आला नाही. बंद म्हणजे बंद. मीटर लावा, तुटलेली तार शोधा, जोडा आणि हात धुवून मोकळे व्हा. त्याचं डोकं फिरायचं ते कधी चालणाऱ्या आणि कधी न चालणाऱ्या यंत्रांवर. असली यंत्रं आणि असली माणसं आपल्याला या जन्मात कळायची नाहीत, असं तो म्हणायचा. माणसं म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच माणूस असायचा, तो म्हणजे त्याचे भाऊजी.

धक्क्यावरच्या बोटींची वायरिंग करण्यात त्याचा जन्म गेला. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "इंजिनाच्या खोलीत वाकून वाकून माझं प्रश्नचिन्ह झालंय, माझ्या गळ्यात कोण माळ घालणार?" त्याला मामा केलं भाचीने. लहानपणी ती धक्क्याच्या टोकाला उभी राहून अशी काही हाक मारायची की सगळ्या धक्क्याचाच तो मामा होऊन बसला. 'फ्यूज' मागाहून चिकटला, कारण कसलाही बिघाड सांगा, मामाचा पहिला प्रश्न ठरलेला, "फ्यूज बघितला का?"

त्या दिवशी भाची दुकानात आली ती बसलीच नाही. तशी बसायला जागाही नव्हती म्हणा. एका स्टुलावर वायरींची भेंडोळी, दुसऱ्यावर कुणाचा तरी उघडलेला पंप, आणि टेबलावर सोल्डरिंगच्या डागांमधून वाट काढत बसलेला चहाचा कप.

"मामा, बाबांची बोट काल पुन्हा फिरली," ती म्हणाली. "सरळ चालली होती आणि एकदम डावीकडे वळली. समोरून मोठं जहाज येत होतं."

"लागलं का काही?"

"नाही. पण आता बास. त्यांचा उजवा खांदा पार गेलाय. दिवसभर चाक धरवत नाही त्यांना. ऑटोपायलट धड चालला तर ठीक, नाहीतर बोट विकायची. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय, रविवारी येतंय."

मामाने पक्कड खाली ठेवली. ती बोट भाऊजींची असली, तरी मामाच्या लेखी ती ताईची होती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, मारलं, शिकवलं. भाऊजी बोटीने बेटांवर सामान पोचवायचे आणि प्रत्येक फेरीला ताई बरोबर असायची. केबिनच्या टेबलावर हाताने फिरवायची शिलाई मशीन स्क्रूने घट्ट बसवलेली असे. येताजाता ती बोटवाल्यांच्या ताडपत्र्या आणि गाद्यांची कव्हरं शिवायची. दमली की डावीकडच्या बाकावर पाय पसरून बसायची. भाऊजी चाकाशी उजवीकडे, ही डावीकडे. "मी आहे म्हणून बोट सरळ चालतेय," ती म्हणायची, "नाहीतर हिने केव्हाच मान टाकली असती."

ऑटोपायलट मामाने बसवला तो तिच्याच हट्टापायी. नवऱ्याला चहा कायम गार प्यावा लागतो, ही तिची तक्रार. आता हा ऑटोपायलट म्हणजे काही जादू नव्हे. सुकाणूला एक मोटर जोडायची आणि इंजिनाच्या लोखंडापासून लांब कुठेतरी एक छोटा कंपास बसवायचा. दिशा एकदा ठरवून दिली की कंपास ती ओळखत राहतो आणि मोटर बोटीला भरकटू देत नाही. मामाने कंपास डाव्या बाकाखाली, फळीच्या मागे लपवला. पहिल्या दिवशी तिघं चहाला बसले, तर भाऊजी दर घोटाला उठून चाक बघायला जायचे. "बसा हो!" ताई ओरडली. "तुमच्यापेक्षा सरळ चालवतोय तो." ती हसली की तिचे खांदे हलायचे. मामाला ते हसणं अजून जसंच्या तसं ऐकू यायचं, आणि ऐकू आलं की काम सुचायचं नाही.

ताई जाऊन दोन वर्षं झाली होती. महिना व्हायच्या आत भाऊजींनी तिचे सगळे कपडे वाटून टाकले. मामा तिची एक जुनी शाल मागायला गेला, तर तीही गेलेली. कपाट धुतल्यासारखं मोकळं. बोटीतल्या टेबलावरही मशीनच्या स्क्रूंची भोकं तेवढी उरली होती. मशीनही कुणाच्या तरी घशात घातली असणार, हे मामाने मनाशी धरलं. भाऊजी तिचं नावसुद्धा काढायचे नाहीत. माणूस आहे की दगड, असं म्हणून मामाने त्यांच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं.

आणि काम तरी कसलं! कित्येक महिने तो त्या बोटीच्या मागे लागला होता. तारा बदलल्या, जोडांवरचा हिरवा गंज घासून काढला, मोटर उघडून पुन्हा बसवली. दर वेळी तो स्वतः बेटापर्यंत गेला, ताईच्या बाकावर बसून मीटरवर नजर ठेवली, आणि दर वेळी बोट शहाण्या मुलासारखी सरळ गेली. एखादा हमाल बरोबर असला तरी सरळच. भाऊजी एकटे गेले की फिरलीच.

एकटे गेले की! भाची गेल्यावर हे शब्द मामाच्या डोक्यात अडकून बसले. खरं सांगायचं तर त्याच्या मनात पाप आलं. कपडे गेले, मशीन गेली, आता या माणसाला बोटही नकोशी झालीय. बिघाड वगैरे काही नाही, नुसता बहाणा आहे.

"भाऊजी, उद्या मला यायला जमणार नाही," त्याने फोन करून सांगितलं. "तुम्ही एकटेच जा." आणि सकाळी ओळखीच्या लाँचवाल्याला गळ घालून तो त्यांच्या मागोमाग निघाला.

दीपस्तंभापर्यंत भाऊजी स्वतः चाकाशी होते, बोट सरळ गेली. तिथून बेटाकडे वळायचं असतं. बोट वळली, भाऊजी ती ऑटोपायलटवर सोडून आत गेले, तिने थोडं अंतर नीट कापलं, आणि मग डुलकी लागलेल्या माणसासारखी हळूहळू डावीकडे ढळायला लागली. आतून भाऊजी धडपडत आले आणि त्यांनी डाव्या हाताने चाक धरलं. उजवा हात छातीशी लोंबत होता. मामाला स्वतःचीच लाज वाटली.

"लाव रे बाजूला," तो लाँचवाल्याला म्हणाला, आणि वयाला न शोभणारी उडी मारून बोटीवर चढला. लाँच आपल्या वाटेने बेटाकडे गेली.

केबिनमध्ये शिरला आणि दारातच थांबला. डावीकडच्या बाकावर, ताईच्या उशीवर, तिची शिलाई मशीन ठेवलेली होती. पडू नये म्हणून दोरीने नीट बांधलेली. लाटेबरोबर तिचं लोखंडी चाक थोडं पुढे जायचं, थोडं मागे यायचं. आणि बरोबर तिच्याखाली, फळीच्या मागे, मामाने स्वतःच्या हाताने बसवलेला कंपास होता. एवढं लोखंड उरावर घेऊन तो बिचारा उत्तर कुठली म्हणून दाखवणार?

भाऊजी चाक धरूनच उभे होते. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"ती गेल्यापासून बोट उजवीकडे कलते," ते म्हणाले. "म्हणून वजन ठेवतो. तू किंवा हमाल असलात की लागत नाही."

तेवढ्याशा मशीनने एवढी बोट सरळ होत नसते, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं.

"बोटीतच का नाही ठेवत मग?"

"रात्री एकटी कशी ठेवू?"

आत्ता मामाच्या ध्यानात आलं. घर ते धक्का, धक्का ते घर, एवढं लोखंड हा माणूस प्रत्येक फेरीला उचलून आणत होता, तेही लेकीपासून लपवून. खांदा जाईल नाहीतर काय होईल!

"आणि कपडे? महिन्याभरात सगळे देऊन टाकलेत. मला एक शालसुद्धा ठेवली नाहीत." दोन वर्षं गिळलेलं अखेर बाहेर आलं.

"कपडे रिकामे लटकायचे रे कपाटात," भाऊजी म्हणाले. "बघवायचे नाहीत. हिला उचललं की कुणीतरी हातात आहे असं वाटतं."

मामाने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. डोळ्यांतलं पाणी पुसायला तो हात मोकळा नव्हता, म्हणून तसाच खाली बसला आणि फळी उघडायला लागला.

"काय करतोस? थांब, मी मशीन खाली घेतो."

"मशीनला हात लावू नका. ती बसलीय तिथे ठीक आहे. मी कंपास हलवतो. आणि यापुढे तिला उचलायचं झालं की मला बोलवायचं. बहीण माझीही होती."

इंजिन बंद करून बोट लाटांवर सोडून दिली. मामाने तार लांब केली आणि कंपास पुढच्या कपाटात, लाइफ जॅकेटांच्या मागे नेऊन बसवला. नव्या जागेवर कंपासला दिशा शिकवावी लागते. त्यासाठी बोट सावकाश गोल फिरवायची. इंजिन सुरू करून मामाने चाक हातात घेतलं आणि भाऊजी मशीनशेजारी जाऊन बसले. दुसऱ्या फेरीत त्यांनी मशीनवर हात ठेवला आणि ताई लग्नानंतर पहिल्यांदा बोटीवर चढताना पाण्यात कशी पडली, ते सांगायला सुरुवात केली. ही गोष्ट मामाला कधी कुणी सांगितली नव्हती. कंपासचं शिकून झालं, हिरवा दिवा लागला, तरी मामा बोट गोल फिरवतच राहिला.

खिशात फोन वाजला. भाचीचा.

"मामा, लाँचवाला परत आलाय. म्हणतो, येताना बघितलं, बाबांची बोट तिथे गोल गोल फिरतेय! पुन्हा बिघडली का?"

"बिघाड सापडला. आता काही बिघडत नाही. गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांग."

"मग फिरताय कशाला?"

"तुझे बाबा तुझ्या आईबद्दल बोलतायत," मामा हळूच म्हणाला.

"मामा," भाची म्हणाली, "फोन जरा त्यांच्याजवळ धर ना."