वाळूच्या बादलीतला चिवडा आणि दादाचा भोंगा

आमच्या दादाला भेटवस्तू देणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. शर्ट दिला तर तो आधी कापड चिमटीत धरून विचारतो, "नायलॉन तं नाही ना? आगीत अंगाले चिकटते." अत्तराची बाटली दिली तेव्हा त्याने ती ज्वलनशील म्हणून गॅसपासून दूर, बाथरूमच्या खिडकीत ठेवली.

रायपूर राजधानी झाली तेव्हा दादाची तिथे बदली झाली आणि निवृत्त होईपर्यंत तो आपत्ती नियंत्रण कक्षात पूर, आग, वादळ यांचे फोन घेत बसला. आता त्याच्या ताब्यात फक्त शंकर नगरातली त्यांची कॉलनी आहे. मैदानातल्या कडुनिंबाला त्याने "आपातकाल में यहाँ इकट्ठा हों" अशी पाटी लावली आहे. अधूनमधून तो शिटी वाजवून सराव घेतो. हजर असतात दादा आणि एक गाय.

यंदा फोनवर म्हणाला, "मंदे, भाऊबीजेले अकरा वाजता शेवटचा सराव. कोणी नाही आलं तं पाटी काढून टाकतो. बस झालं." आवाज इतका पडलेला होता की मला राहवेना. भाऊबीजेला भाऊ देतो, बहीण घेते, पण यंदा मीच असं काही देणार होते की तो पाटीला हातसुद्धा लावणार नाही!

दिवाळीत नागपूर-रायपूर तिकीट मिळणं म्हणजे लॉटरी. मी तत्काळमध्ये काढलं, तुम्ही तरी आधी काढा. पाच-साडेपाच तास लागतात. डोंगरगडला खिडकीतून टेकडीवरचं देवीचं मंदिर दिसतं, तेव्हा डबाभर लोक हात जोडतात. मीही जोडले आणि चांगली भेटवस्तू मागितली. उतरल्यावर स्टेशनबाहेर पोहे-जिलेबी खाल्ली. ऑटोवाला भाव सांगेल त्यातले तीस-चाळीस रुपये हसतहसत कमी होतात.

दुसऱ्या दिवशी गोलबाजारात शिरले. धनत्रयोदशी असल्यामुळे जो तो पितळेची भांडी घेत होता आणि मी विचारत होते, "भैया, आग बुझानेवाली बाल्टी है क्या?" दुकानदार घाबरून माझ्या मागे बघायला लागला. शेवटी दोन लाल बादल्या मिळाल्या. त्या घेऊन मी पुरानी बस्तीत पाट्या रंगवणाऱ्याकडे गेले. एकीवर "वाळू" आणि दुसरीवर "पाणी" लिहायचं होतं. पहिलीत चिवडा जाणार होता, दुसरीत शंकरपाळे.

"इसपर मराठी में लिखिए," मी म्हणाले.

पेंटरकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "नागपूरच्या दिसता. मंग हिंदी काहून बोलून राहिल्या? आमच्या तं कितीक पिढ्या इथंच गेल्या, पण घरात मराठीच."

त्यांच्याकडून कळलं की बाजूच्या जुन्या सामानाच्या दुकानात हाताने फिरवायचा भोंगा पडला आहे. खरंच होता! लाल रंगाचा, गंजलेला, भोपळ्याएवढा. दुकानदार म्हणाला, "दीदी, शो-पीस है. बजता-वजता नहीं."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी त्यावर विश्वास ठेवला.

मधले दिवस आनंदात गेले. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे आणि झणझणीत चटणी हा इथला नाश्ता चुकवू नका. नवं रायपूरही पाहून आलो, रस्ते इतके रुंद आणि मोकळे की दादा सगळा वेळ खुशीत म्हणत होता, "पाह्य, इथं माणसं बाहेर काढाले किती सोपं!" वहिनीने कपाळाला हात लावला.

भाऊबीजेच्या सकाळी नऊ वाजता मी भोंगा घेऊन गच्चीवर गेले. भेट देण्याआधी जरा चकाकावा म्हणून वहिनीच्या शिलाई मशीनचं तेल घातलं, आवाज झालाच तर दबावा म्हणून त्याच्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि हँडल फिरवून पाहिलं. आधी घरघर झाली. मला गंमत वाटली, म्हणून जोरात फिरवलं. मग त्याने जो टाहो फोडला! मी हँडल सोडलं तरी तो थांबेना. टॉवेल उडून शेजारच्या पपईवर गेला.

मी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि गार पडले. दारं उघडत होती. कोणी दाढीचा फेस घेऊन, कोणी अर्ध्या अंघोळीतून, सगळे पळत होते आणि सगळे कडुनिंबाकडेच! एकालाही रस्ता विचारावा लागला नाही. शेजारची दहावीतली पिंकी तिच्या आजीला धरून घेऊन आली आणि दादासमोर उभी राहिली. "अंकल, गैस बंद करके आई हूँ. मेन स्विच भी."

दादा बनियनवर होता. तोंडात शिटी होती, पण वाजवत नव्हता. तो नुसता बोटाने माणसं मोजत होता आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. मी धावत खाली गेले.

"एक कमी आहे," तो म्हणाला. "तुह्यी वहिनी कुठं आहे?"

वहिनी सावकाश आली. हातात ती पिशवी, जी दादाने तिला 'पळायची पिशवी' म्हणून भरून ठेवायला सांगितली होती आणि जिच्यात ती कांदे ठेवते असं आम्हाला वाटायचं. दादाने घाईने उघडली. आत त्याच्या बीपीच्या गोळ्या, त्याचा जुना चष्मा, त्याचा स्वेटर.

"तुह्यं काहीच नाही यात?"

"तुम्ही आहात ना दोरी-टॉर्च घेऊन," वहिनी म्हणाली. "मले काय पाहिजे अजून?"

दादा कडुनिंबाकडे तोंड करून बराच वेळ पाटी सरळ करत राहिला. ती सरळच होती.

मग मला शिक्षा झाली. खोटा इशारा देणं हा त्याच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा. मी प्रत्येकापुढे जाऊन माफी मागायची आणि वाळूच्या बादलीतून मूठभर चिवडा द्यायचा. तिसऱ्या माणसापर्यंत माफी विसरली गेली आणि लोक बादलीवर तुटून पडले. "अकरा बजे फिर आना है क्या, अंकल?" पिंकीने विचारलं. दादा म्हणाला, "आज नहीं, अगले महीने."

ओवाळल्यावर त्याने माझ्या ताटात साडी नाही, एक भरलेली पिशवी ठेवली. मी जाम चिडवलं त्याला.

नागपूरला परतल्यावर ती उघडली. टॉर्च, शिटी, दोरी, खडीसाखर. तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी होती, दादाच्या सरकारी अक्षरातली, शाई जुनी होऊन फिकी पडलेली. म्हणजे ही पिशवी त्याने कधीचीच भरून ठेवली होती.

"मंदे, सामान सोड. आधी तू बाहेर नीघ. मग मले फोन कर. मी जागाच असतो."

पिशवी आता माझ्या दाराच्या खुंटीला असते. मीही तिच्यात एक वस्तू घातली आहे, दादाचा जुन्या चष्म्यातला फोटो.